न अडखळता ओळखले

तहसील कचेरीत इतकी वर्षं काय केलंत, असं कुणी विचारलं की त्याच्या डोळ्यांसमोर दाखले, उतारे आणि अर्जांवरचे शेरे येतात. ते मी केलंच. ते कुणीही करतो. माझं खरं कसब निराळं होतं. मी माणसं रांगेत उभी करत असे, आणि इतकी देखणी उभी करत असे की शेजारच्या तालुक्याचे कारकून मुद्दाम बघायला यायचे. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा भलताच ताठा होता. कचेरी नगर जिल्ह्यातली होती, एवढंच सांगतो. तालुका सांगितला तर तिथली मंडळी भांडायला येतील आणि या वयात मला भांडण झेपत नाही.

ज्यांचा कचेरीशी संबंध येत नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडं सांगतो. कुठे चोरी झाली, चोराला कुणी ओझरतं पाहिलं आणि पोलिसांनी एखाद्याला पकडलं, की ओळख परेड घ्यावी लागते. ती पोलिसांनी घ्यायची नसते. तहसीलदार मॅजिस्ट्रेटही असतात, म्हणून ती तहसीलदार घेतात. म्हणजे कारकून घेतो आणि ते सही करतात. आरोपीच्या अंगकाठीची सहा-सात माणसं बाजारातून गोळा करायची, त्यांत आरोपी उभा करायचा, मग साक्षीदाराला हाक मारायची. त्याने रांगेवरून फिरायचं आणि ओळखेल त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. नियम बरेच आहेत, पण त्यातला कळीचा एकच. परेडच्या आधी साक्षीदाराने आरोपीचं तोंड पाहता कामा नये. त्यासाठी आरोपीला डोक्यावर घोंगडी टाकून आणायचं आणि वेळ होईपर्यंत आत बसवायचं.

बाजारातली माणसं मिळवताना नाकीनऊ यायचे. "आन चुकून माझ्यावरच हात पडला तर?" हा पहिला प्रश्न. मी म्हणायचो, "पडला तर सोडून देऊ." "आन न्हाई सोडलं तर?" मी चहा सांगायचो.

सुरुवातीला परेड कचेरीच्या मागच्या अंगणात होत असे. तिथे मुतारी होती. कचेरी इंग्रजांच्या वेळची आणि मुतारीही बहुधा तेव्हाचीच, कारण ती धुतल्याची नोंद कुठल्याच दप्तरात नव्हती. आरोपीला बसवायची खोली तिला लागूनच, जुनी दप्तरं आणि वटवाघळं यांनी भरलेली. साक्षीदार यायचा, नाकाला पदर किंवा धोतराचा सोगा लावायचा, श्वास कोंडून रांगेवरून पळत सुटायचा आणि ज्याच्यापाशी श्वास संपेल त्याच्या खांद्यावर हात टाकायचा. बहुतेकांचा श्वास चौथ्या-पाचव्या माणसापाशी संपे. मुरलेले आरोपी हे जाणून होते. ते आपणहून पहिली जागा मागून घ्यायचे.

वासाचा आणि आठवणीचा काहीतरी घरोबा आहे, हे मला नामदेवच्या प्रकरणात पहिल्यांदा कळलं. नामदेव आमचा शिपाई. एकदा बाजारात माणूस कमी पडला म्हणून मी त्यालाच रांगेत उभा केला. साक्षीदार होता राहात्याचा एक पेरूचा व्यापारी. त्याला अंधारात टेम्पोतून खाली ओढून कुणी मारलं होतं. त्या दिवशी वारा उलट्या दिशेचा होता, त्यामुळे नाक मोकळं ठेवायची सोय होती. तो प्रत्येकापाशी थांबला, वाकला आणि चक्क हुंगू लागला. नामदेवपाशी आल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याने नामदेवचा खांदा असा धरला की सोडवायला दोघं लागले.

"ह्योच! ह्योच तो! वळीखला मी!"

"अहो, हा आमचा शिपाई आहे," मी म्हटलं.

"आसंना का शिपाई! शिपाई मारत न्हाई व्हय?"

नामदेव केसांना चमेलीचं तेल लावत असे आणि व्यापाऱ्याला मारणाऱ्यानेही बहुधा तेच लावलं होतं. व्यापारी शपथेवर सांगत होता की चेहरा हाच. चेहरा त्याने पाहिलाच नव्हता. नाकाने ओळख पटवली आणि डोळ्यांनी खुशाल होकार दिला. नामदेवने त्या दिवसापासून तेल सोडलं आणि पुढे तो कोरड्या केसांनीच रिटायर झाला.

त्यावर मी एक अर्ज लिहिला. परेडच्या जागी दुर्गंधी येत असल्याने साक्षीदारांच्या स्मरणशक्तीवर अनिष्ट परिणाम होतो, सबब मुतारी हलवण्यात यावी. तीन महिन्यांनी वरून विचारणा आली की दुर्गंधी कोणत्या दिशेने येते, त्याचा नकाशा जोडावा. मी नकाशा काढला, वाऱ्याचे बाण दाखवले. मग विचारणा आली की स्मरणशक्तीवर परिणाम होतो यास वैद्यकीय दाखला आहे काय. सरकारी डॉक्टरांनी कुणाच्या स्मरणशक्तीचा दाखला देऊ, असं विचारलं. मी हात टेकले. शेवटी आमच्या तहसीलदारांनी तोडगा काढला. त्यांना आम्ही रावसाहेब म्हणत असू. ते म्हणाले, "भाऊसाहेब, मुतारी हलत नाही. तुम्ही हला."

म्हणून मी परेड पुढच्या अंगणात आणली. ही माझी सुधारणा. पुढे लिंबाची सावली होती, कुंपणाशी रहीमचाचांचं हॉटेल होतं. मी तिथे उदबत्ती लावायला सुरुवात केली. साक्षीदाराला आधी चहा. आरोपीला त्या वटवाघळांच्या खोलीत कोंडणं अमानुष वाटलं म्हणून पडवीच्या टोकाला, पाण्याच्या माठाजवळ, घोंगडी पांघरून बसवायचं आणि साक्षीदाराला दुसऱ्या टोकाला. मध्ये हवालदार. सगळं कसं प्रसन्न. आणि साक्षीदार खरंच बदलले. आता ते पळत नसत. चहा पिऊन, उदबत्तीच्या वासात, लग्नात नवरा बघावा तसे ते हसतमुखाने रांगेवरून फिरायचे आणि मोठ्या खात्रीने कुणावर तरी हात ठेवायचे. चुकायचं प्रमाण तेवढंच राहिलं असावं. खात्री मात्र वाढली. कोर्टाला खात्री आवडते, त्यामुळे रावसाहेब माझ्यावर खूश होते.

याच काळात मी दुसरी सुधारणा केली. परेड झाल्यावर मेमोरँडम लिहावा लागतो. काय घडलं, कसं घडलं, पाच प्रतींत. तो परेडनंतर लिहायचा म्हणजे संध्याकाळ जायची. मी तो आदल्या दिवशीच लिहून ठेवू लागलो. 'साक्षीदाराने रांगेवरून एकवार फिरून, न अडखळता, अनुक्रमांक अमुक येथील इसमाच्या खांद्यावर हात ठेवून त्यास निःसंशय ओळखले.' फक्त अनुक्रमांकाची जागा कोरी. परेड झाली की आकडा भरायचा, रावसाहेबांची सही, घरी. अक्षर माझं मोत्यासारखं. घाईत लिहिल्यावर ते बिघडतं, हेही एक कारण होतंच.

आता त्या दिवसाचं सांगतो.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळ दोन वर्षांचा झालेला. कचेरीत पाण्याचा एकच माठ, त्यावर नामदेवचा पहारा. साहेब आणि कारकून सोडून कुणाला पेला मिळत नसे. कोल्हारच्या बाजूची चंद्रभागाबाई म्हणून एक म्हातारी बाई, तिचं डोरलं आठवडे बाजारात कुणीतरी गर्दीत हिसकावलं होतं. तिने वळून पाहिलं तेव्हा तिला एक बारका, काळा, डोक्याला लाल फडकं बांधलेला माणूस पळताना दिसला. पोलिसांनी लहानू नावाच्या एका माणसाला पकडलं. लहानू राजूरच्याही वरचा, डोंगरातला. दुष्काळी कामावर खडी फोडायला खाली आला होता. बारका होता, काळा होता, लाल फडकं होतं आणि त्याला ओळखणारं गावात कुणी नव्हतं. पोलिसांना आणखी काय पाहिजे?

माझा गुरुवार होता. गुरुवारी मी कडक उपास करत असे. आणि रहीमचाचांनी नेमका त्या दिवशी कांदाभज्यांचा घाणा काढला. तेल महाग झाल्यापासून चाचा महिन्यातून एखादाच दिवस भजी करायचे, त्यामुळे सगळी कचेरी कुंपणाशी लोटली होती. मी रांग लावली, माणसं मापून घेतली, लहानूला त्याने मागितली ती जागा दिली, तिसरी. बाईला हाक मारली. रावसाहेब खुर्चीवर. मी शेजारी, हातात मेमोरँडम आणि कोरी जागा. बाई उठली. आणि कढईत भजी सोडल्याचा आवाज आला.

पुढचं मला फार नीट आठवतं, तेच सांगायचं आहे. चाचांनी डाव्या हाताने पीठ सोडलं, कारण उजव्या हाताला भाजलं होतं. कांदा उभा चिरलेला होता. ओवा जास्त पडला होता, त्याचा वास नाकात झिणझिणत होता. मग त्यांनी हिरव्या मिरच्या सोडल्या, त्या फुटल्या, एक उडून चुलीत पडली. वर मीठ भुरभुरलं. माझ्या पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, भांडत होते. तेवढ्यात रावसाहेब म्हणाले, "तीन." मी कोऱ्या जागेत तीन भरला. त्यांनी सही केली. झालं.

चार महिन्यांनी खटला उभा राहिला. लहानू तोवर कोठडीतच. त्याच्या बाजूने जामिनाला कोण राहणार? फुकट मिळालेला एक म्हातारा वकील होता, दम्याचा, दर वाक्याला खोकणारा. आम्हाला वाटलं, हा काय करणार. त्याने रावसाहेबांना साक्षीत तीनच प्रश्न विचारले. मेमोरँडम कुणी लिहिला? माझ्या कारकुनाने. परेड जवळून कुणी पाहिली? माझ्या कारकुनाने. मग तुम्ही काय केलंत? सही. वकिलाने कोर्टाला अर्ज दिला आणि मला समन्स आलं.

आदल्या दिवशी रावसाहेबांनी बोलावलं. "भाऊसाहेब, मेमोरँडमप्रमाणे सांगा. डोकं वापरू नका."

"नाही वापरत," मी म्हणालो. आणि खरंच वापरणार नव्हतो.

कोर्टाच्या दारात एक बाई अंगावरच्या तान्ह्या पोरीला घेऊन उभी होती. लहानू आत गेल्यावर झालेली पोर. लहानूला आणलं तेव्हा ती पोर पुढे करत होती, "आवं, बघा तर!" म्हणत होती, आणि शिपाई तिला मागे सारत होता. लहानू मान वळवून वळवून बघत आत गेला. मला ते बघवेना. पण मी स्वतःला समजावलं की बाईने ओळखलंय, माझं काम लिहायचं.

वकिलाने माझ्या हातात एक सोडून चार मेमोरँडम दिले. मागल्या वर्षभरातले. "वाचा," म्हणाला. मी पहिला वाचला. एकवार फिरून, न अडखळता. दुसरा. एकवार फिरून, न अडखळता. चौथ्यापाशी तो खोकला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, या चौथ्यातले साक्षीदार कोर्टाने पाहिलेत. पायाने अधू. दोन कुबड्या. तेही न अडखळता?"

कोर्ट हसलं.

"हे तुम्ही परेडनंतर लिहिता की आधी?"

मी रावसाहेबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. मी म्हणालो, "मजकूर ठरलेला असतो."

"असू द्या. या परेडचं सांगा. चंद्रभागाबाई पहिल्याने कुणापाशी थांबल्या?"

"तिसऱ्या."

"पाहिलंत?"

इथे 'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. त्या अक्षरावर लहानूची दोन-तीन वर्षं टांगलेली होती, आणि दाराबाहेर पोर रडत होती, ते ऐकू येत होतं. मी आठवू लागलो. मनापासून आठवू लागलो. बाईचं लुगडं कोणत्या रंगाचं? आठवेना. ती डावीकडून आली की उजवीकडून? आठवेना. हात उजवा की डावा? काहीच नाही. आणि चाचांचा हात मात्र लख्ख दिसत होता. डावा.

"नाही," मी म्हणालो. "मी पाहिलं नाही."

"मग कुठे बघत होता?"

"भज्यांकडे."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "कशाकडे?"

"साहेब, गुरुवार होता. माझा उपास होता. कुंपणापाशी कांदाभजी तळत होते."

लोक इतके हसले की कोर्टाला दोनदा शांत करावं लागलं. वकील मात्र हसला नाही. तो बारकाईने विचारत गेला आणि मी सांगत गेलो. ओवा, मिरच्या, मीठ, चुलीत पडलेली मिरची. न्यायाधीश म्हणाले, "हे सगळं आठवतं आणि ज्यासाठी तुम्हाला उभं केलं होतं ते आठवत नाही?" मी म्हणालो, "नाही, साहेब." वीस वर्षांच्या नोकरीत एवढं खरं मी कधी बोललो नव्हतो आणि कधी इतका हास्यास्पदही झालो नव्हतो.

लहानू सुटला. परेडवर विसंबता येत नाही, असं निकालात आलं. मला कारणे दाखवा नोटीस आली, वार्षिक वाढ थांबली, बदलीचा हुकूम निघाला. कचेरीत मला 'भजीसाहेब' म्हणू लागले. चंद्रभागाबाईचं डोरलं गेलं ते गेलंच. पण मला मनातून समाधान होतं. ताठाही थोडा परत आला होता, खोटं कशाला बोलू. एक निरपराध माणूस मी खरं बोलून वाचवला, असं मी बायकोला दोन-चारदा ऐकवलं.

बदलीच्या गावी जायच्या आधी, टेबल आवरत असताना, लहानू कचेरीत आला. पोर खांद्यावर. दारातच वाकून नमस्कार केला.

"भाऊसाहेब, तुमच्यामुळं सुटलो. आता गावाकडं चाललो."

मी खुर्ची पुढे केली, तो जमिनीवरच बसला. मला राहवेना. मी म्हटलं, "लहानू, आता काही भीती नाही. खरं सांग, त्या बाईने आधी कुणावर हात ठेवला होता? दुसऱ्याच कुणावर ना?"

"न्हाई. माझ्यावरच."

"आधी कुणापाशी थांबली नाही?"

"न्हाई. सरळ आली आन माझ्यावर हात ठिवला. लांबूनच बघत आली माझ्याकडं."

म्हणजे मेमोरँडम खरा होता? म्हणजे हा चोर होता, आणि मी चोर सोडवला? माझा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "तसं न्हाई, भाऊसाहेब. म्या काय बी घेतलं न्हाई. पोरीची आन. ती बाई हुती ना, ती सकाळधरनं पडवीत बसल्याली. उन्हाचं लई तापलं हुतं. पानी मागत हुती, कुनी द्यायला तयार न्हाई. शिपाई न्हाई, हवालदार न्हाई, समदी कुंपनापाशी गेल्ती. मी माठाजवळच हुतो. घोंगडी काढली आन दोन पेलं पानी दिलं तिला, तसंच बेडीच्या हातानं. लई तहानेली हुती. माझ्याकडं बघत बघत प्याली."

चहा द्यायचा होता, साक्षीदाराला. तो मीच सांगायचा असे. मी त्या दिवशी चहा सांगायला विसरलो होतो.

"हे तू कोर्टात का नाही सांगितलंस?" माझा आवाज चिरका झाला. "वकिलाला का नाही सांगितलंस?"

"इचारलंच न्हाई कुनी." तो पोरीला सावरत म्हणाला. "आन आधी तोंड दावायचं नसतं, ह्ये मला तरी कुठं ठावं हुतं? तिनं हात ठिवला तवा मला वाटलं, बाईनं वळख ठिवली, बरं वाटलं. मी हासलो बी तिच्याकडं बघून."

मला रडू आलं. कचेरीत कुणी पाहू नये म्हणून मी कपाटाकडे तोंड केलं आणि उगाच फायली चाळत राहिलो. मागे लहानू पोरीला घेऊन उठला. "येतो, भाऊसाहेब," म्हणाला. मी वळलो नाही.